ताटात भाकरी किती? टिकणाऱ्या लो-कार्ब पथ्याची निवड

वजन उतरावे, रक्तातील साखर आटोक्यात यावी यासाठी कर्बोदके कमी करण्याचा सल्ला आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील घरांतही 'भात बंद', 'पोळी बंद', 'गोड बंद' असे निश्चय होतात. पहिल्या महिन्यात तीन-चार किलो वजन उतरते आणि हुरूप येतो. मग घरात एखादे कार्य निघते, श्रावणातले उपवास सुरू होतात, वेगळा स्वयंपाक करणारीला कंटाळा येतो आणि ताट पूर्वपदावर येते. पाठोपाठ वजनही येते. पथ्य मधुमेहासाठी धरलेले असेल, तर ही धरसोड अधिक महागात पडते, कारण पथ्याबरोबर औषधांचे प्रमाणही वर-खाली करावे लागते. त्यामुळे कोणत्या पथ्याने वजन लवकर उतरते हे विचारण्याआधी, कोणते पथ्य पाच वर्षांनंतरही आपल्या घरात चालू राहील, हे पाहणे गरजेचे ठरते.

प्रश्न किती मोठा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतील सुमारे १ लाख २१ हजार प्रौढांच्या आहाराचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के असतो, असे त्यात आढळले.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष भाकरी खाणाऱ्या महाराष्ट्राने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही. कर्बोदकांतील थोडे उष्मांक डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांनी भरून काढले, तेथे मात्र धोका कमी असल्याचे आढळले.

जिल्ह्याचे ताट

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले. येथे आहाराच्या तीन परंपरा शेजारी-शेजारी नांदतात. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी या अवर्षणप्रवण तालुक्यांत रब्बी ज्वारी आणि बाजरी ही मुख्य धान्ये. अकोल्याच्या डोंगराळ भागात भात, नागली आणि वरई. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखाली ऊस आणि गहू. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर या पट्ट्यात पैसा आला आणि गव्हाची पोळी, भात व साखरेचा चहा रोजचा झाला. दक्षिणेकडेही शिधापत्रिकेवरील गहू-तांदळाने ताटातील ज्वारी-बाजरीची बरीच जागा घेतली.

अलीकडे, विशेषतः २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून, ज्वारी पुन्हा प्रतिष्ठित झाली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले वसुधा', 'फुले रेवती' यांसारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले आहेत. 'मालदांडी'ची भाकरी तर घरोघरी मानाची. हे स्वागतार्हच आहे, पण येथेच एक गैरसमज मूळ धरतो.

धान्य बदलले, हिशेब तोच

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम धान्यातील कर्बोदके साधारण अशी आहेत: ज्वारी ६८ ग्रॅम, बाजरी ६२, कणीक ६४, नाचणी ६७ आणि तांदूळ ७८. म्हणजे पोळी सोडून भाकरी धरली, तरी कर्बोदकांत फारसा फरक पडत नाही. तंतुमय पदार्थ, म्हणजे चोथा, ज्वारी, बाजरी आणि कणकेत दहा-अकरा ग्रॅम असतो, तर तांदळात जेमतेम तीन ग्रॅम. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोट अधिक वेळ भरलेले राहते. त्यामुळे भातापेक्षा भाकरी बरी, हे खरे. मात्र 'ज्वारीची आहे, कितीही चालेल' असे म्हणत तीन भाकरी खाणाऱ्याची साखर ज्वारी खाली आणणार नाही.

गुळाचेही तसेच. गुळात थोडी खनिजे असली, तरी त्याचा मोठा भाग साखरेचाच असतो. ग्लासभर उसाच्या रसातून पाच-सहा चमचे साखर पोटात जाते.

तीन पातळ्या

'लो-कार्ब' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी पथ्ये सांगितली जातात. दिवसाला १६०० उष्मांक घेणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण धरून त्यांच्या तीन पातळ्या करता येतात.

सौम्य पथ्य: कर्बोदकांतून ४५ ते ५० टक्के उष्मांक, म्हणजे १८० ते २०० ग्रॅम कर्बोदके. मध्यम भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके मिळतात. या हिशेबाने दिवसाला तीन भाकरी, दोन-तीन वाट्या उसळ-आमटी, थोडे दूध-दही आणि एखादे फळ यात बसते.

मध्यम पथ्य: १३० ग्रॅम किंवा त्याहून कमी. दोन भाकरी, दोन वाट्या उसळ-आमटी आणि थोडे दही झाले की मर्यादा संपते. भात आणि गोड यांना जागा उरत नाही.

कडक पथ्य: 'किटो' या नावाने परिचित असलेल्या या प्रकारात साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदके चालतात. येथे एकच भाकरी दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा खाऊन टाकते, आणि दोन वाट्या उसळही जड जाते. शाकाहारी घरात मग पनीर, लोणी, तेल, सुकामेवा आणि पालेभाज्या एवढेच उरते. मिरगीसारख्या काही आजारांत डॉक्टर असा आहार देखरेखीखाली देतात. स्वतःहून वर्षानुवर्षे चालवण्याचा हा प्रकार नव्हे.

महाराष्ट्रात गाजलेली दोन वेळा जेवणाची पद्धत यांहून वेगळी आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेला हा विचार मुख्यतः खाण्याच्या वेळांवर मर्यादा घालतो. दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण संपवायचे आणि रोज चालायचे. ताटात कर्बोदके किती, हा प्रश्न त्यानंतरही स्वतंत्रपणे उरतो.

संशोधन काय सांगते?

कर्बोदके कमी करून वजन घटवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली, तर अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे गाजलेले पुस्तक १९७२ मध्ये आले. काटेकोर तुलना मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली.

अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६० जणांना चार प्रसिद्ध पथ्यांत वाटण्यात आले. वर्षअखेर अ‍ॅटकिन्स गटातील सुमारे ५३ टक्के लोकच अभ्यासात टिकून होते. वजन किती उतरले, याचा संबंध पथ्याच्या नावापेक्षा ते किती नेमाने पाळले याच्याशी अधिक होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६०९ जणांनी वर्षभर कमी कर्बोदकांचा किंवा कमी स्निग्धांशाचा आहार घेतला. दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच-सहा किलोंनी घटले आणि त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मधुमेहींपुरता पाहता, २०२१ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकांच्या आहाराने सहा महिन्यांत ५७ टक्के रुग्णांची साखर मधुमेहाच्या मर्यादेखाली आली, तर इतर आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. बारा महिन्यांनी मात्र हा लाभ ओसरला. उपाय गुणकारी आहे, पण तो चालू ठेवता आला तरच, असा या सगळ्याचा अर्थ निघतो.

भारतीयांना पेलेल असे प्रमाण 'इंडियाब'च्या २०२२ मधील अभ्यासात सुचवले आहे. नव्याने मधुमेह झालेल्यांनी आजार मागे हटवण्यासाठी ४९ ते ५४ टक्के उष्मांक कर्बोदकांतून आणि १९-२० टक्के प्रथिनांतून घ्यावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. वर सांगितलेले सौम्य पथ्य याच्या जवळ जाते.

एका दिवसाचा हिशेब

नोकरी करणाऱ्या एखाद्या प्रौढ व्यक्तीचे नेहमीचे खाणे पाहू. सकाळी बशीभर पोहे म्हणजे ४५ ग्रॅम कर्बोदके. दोन चमचे साखर घातलेला चहा तीन वेळा, म्हणजे ३० ग्रॅम. दोन्ही जेवणांत मिळून चार भाकरी किंवा तेवढ्याच कणकेच्या पोळ्या, १६० ग्रॅम. दोन वाट्या भात, सुमारे ५५ ग्रॅम. वरण-उसळीतून ३० ग्रॅम. बेरीज ३२० ग्रॅमवर जाते, आणि यात गोडाधोडाचा एकही घास नाही.

आता यातून एकेक गोष्ट वजा करू. चहातील साखर गेली की ३० ग्रॅम कमी. दोन्ही वेळचा भात गेला की ५५ ग्रॅम. पोह्यांऐवजी मूगडाळीची धिरडी घेतली की निव्वळ २५ ग्रॅमच्या आसपास बचत, आणि अंडी खाणाऱ्यांची त्याहून अधिक. चारऐवजी तीन भाकरी केल्या की आणखी ४०. एक वाटी उसळ वाढवली तर १५ ग्रॅमची भर पडते. एवढे केल्यावर आकडा १८० ते १९० ग्रॅमवर येतो. घरात वेगळा स्वयंपाक करावा लागला नाही, बाजारातून कोणतीही पावडर आणावी लागली नाही आणि भाकरी ताटात राहिली.

हे बदल एकाच दिवशी करण्याचीही गरज नाही. पहिल्या पंधरवड्यात चहातील साखर, दुसऱ्या पंधरवड्यात रात्रीचा भात, नंतर न्याहारी आणि शेवटी एक भाकरी, या क्रमाने जाणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर सवय लागण्यास वेळ मिळतो. शेतात दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याची गरज कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा जास्त असते. त्याने हाच हिशेब आपल्या कामाच्या मानाने सैल करावा.

रिकामी जागा कशाने भरावी?

पथ्य मोडण्याचे सर्वांत मोठे कारण भूक हे असते. भाकरी कमी केली आणि तिच्या जागी काहीच वाढले नाही, तर संध्याकाळी पाच वाजता शेव-फरसाणाचा डबा उघडतोच. म्हणून कमी केलेल्या कर्बोदकांची जागा प्रथिने, भाज्या आणि माफक स्निग्ध पदार्थांनी भरावी लागते. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

हुलगे, मटकी, मूग, वाल, हरभरा ही जिल्ह्यातील परिचित कडधान्ये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावरान बियाण्यांत वालासह अनेक कडधान्ये आणि भाज्या आहेत. या कामासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वाटीभर शिजलेल्या उसळीत सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. मात्र तिच्यात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकेही असतात, हे विसरू नये. हुलग्याचे शेंगोळे पौष्टिक खरे, पण त्यांत ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळत असल्याने त्या जेवणात भाकरी एकाने कमी करावी.

दूध उत्पादनात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. त्यामुळे दही, ताक आणि पनीर सहज मिळतात. ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे नऊ ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम आणि ३० ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. सर्वांत स्वस्त प्रथिने सोयाबीन, शेंगदाणे, डाळी आणि अंड्यांतून मिळतात. किटोसाठी लागणारे बदाम आणि चीज महिन्याच्या खर्चात किती काळ बसतील, याचा विचार आधीच केलेला बरा.

मेथी, शेपू, चुका, गवार, दोडका, वांगे या भाज्यांत कर्बोदके कमी असतात. त्यांनी ताटाचा अर्धा भाग व्यापावा. राहिलेल्या अर्ध्यात निम्मे उसळ, डाळ, पनीर, अंडी किंवा मासे आणि निम्मी भाकरी, अशी विभागणी नजरेनेच करता येते. तूप, लोणी आणि तळणावर मोकळा हात सोडल्यास वजनाबरोबर कोलेस्टेरॉलही वाढू शकते.

उपवास, हुरडा आणि पंगत

कोणत्याही पथ्याची खरी कसोटी पंचांगात असते. शिर्डीच्या ओढीने गुरुवार, शनीच्या श्रद्धेने शनिवार, महिन्याच्या दोन एकादशा, श्रावणी सोमवार, मोहटादेवीच्या नवरात्राचे नऊ दिवस असे उपवास जिल्ह्यात भक्तिभावाने केले जातात. या दिवसांचा विचार न केलेले पथ्य आठवड्याला एकदा मोडणार, हे ठरलेलेच.

साबुदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात आणि प्रथिने नसल्यातच जमा. त्याला बटाट्याची जोड मिळाली की उपवासाचा दिवस सर्वाधिक पिष्टमय दिवस ठरतो. भगरीत कर्बोदके ६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या जवळपासच. तेव्हा वाटीभर भगर, वाटीभर दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर आणि एखादे पेरू असा फराळ केला, तर उपवास आणि पथ्य दोन्ही सांभाळता येतात. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

थंडीतील हुरडा हा कोवळ्या ज्वारीचाच दाणा. त्याचे पिष्ट मोजावेच लागते. हुरडा खाल्लेल्या दिवशी जेवणात भाकरी घेऊ नये, दाण्याची चटणी आणि ताक सोबत ठेवावे, शेव-रेवडी दुसऱ्याकडे सरकवावी. लग्नाच्या पंगतीत आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण घेऊन मग पोळीकडे वळावे. एखादा गोड घास घेतला गेला, तर पथ्य मोडले असे समजून सोडून देऊ नये. पुढच्या जेवणापासून ते पुन्हा सुरू होते. वर्षातील असे वीस-पंचवीस दिवस गृहीत धरूनच आखणी करावी.

एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्यांनी उसळ, उकडलेली अंडी किंवा भाजलेले शेंगदाणे डब्यात ठेवावेत. रात्रपाळीतील चहा-बिस्किटे आणि वडापाव त्यामुळे टळतात.

औषधे चालू असताना

या विषयातील खरा धोका येथे आहे. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता कर्बोदके एकदम कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी पथ्य बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात घालून तत्काळ घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काही न घालता तिला रुग्णालयात न्यावे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी किटो पथ्य टाळावे. त्यांच्यात साखर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार घडू शकतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह असणारे, गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असणारे आणि आधीच कृश असलेले यांनी असे पथ्य तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय धरू नये.

निवड करताना

पथ्य ठरवण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून शोधावीत. हे जेवण घरच्या एकाच चुलीवर होईल का? महिन्याच्या किराण्यात बसेल का? उपवासाच्या दिवशी काय खायचे, हे ठरले आहे का? प्रवासात आणि पाहुण्यांकडे पाळता येईल का? भूक भागते का? यांतील दोन-तीन उत्तरे नकारार्थी आली, तर पथ्य एका पातळीने सौम्य करावे.

प्रगती केवळ वजनकाट्यावर मोजू नये. पहिल्या आठवड्यांत उतरणाऱ्या वजनात शरीरातील पाण्याचा वाटा मोठा असतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा भारतीयांसाठीचा निकष आहे. मधुमेहींनी तीन महिन्यांनी 'एचबीए१सी' तपासावे. रक्तातील चरबी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात.

सोबत असली की पथ्य टिकते, याचा धडा याच जिल्ह्यात मिळतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्याचा सल्ला घरोघरी नेला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्यातल्याच माणसाने सांगितलेली आणि वारंवार विचारपूस केलेली गोष्ट लोक मनावर घेतात. पथ्य एकट्याच्या ताटात वेगळे न वाढता साऱ्या घराने भाकरी एकाने कमी आणि उसळ वाटीने जास्त केली, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या घरातील इतरांनाही त्याचा लाभ होईल.